आरोहणस्तोत्रं म्हणत मिरजेला

पहाटे कोल्हापूरच्या न्यू शाहूपुरीत वायल्डर मेमोरियल चर्चसमोर पाळकसाहेबांनी बायबलातलं १२१ वं स्तोत्र वाचलं. डोंगराकडे दृष्टी लावायची, तर बाहेर अजून मिट्ट काळोख. तरी सगळ्यांच्या माना जोतिबाच्या बाजूला वळल्या. मग प्रार्थना झाली आणि टाळ वाजू लागले. तावडे हॉटेल, पंचगंगेचा पूल, सांगली फाटा केव्हा मागं पडले कळलंही नाही.

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ होता. आमच्या मंगळवारच्या शास्त्राभ्यासात थंडीभर आरोहणस्तोत्रं चालली होती, १२० पासून १३४ पर्यंतची पंधरा. सणांना यरुशलेमेला चढून जाणारे यात्रेकरू ती गात, असं बरेच अभ्यासक मानतात. बसून वाचून झाली होती, आता चालत म्हणू या, असं महिला संघातल्या एका ताईंनी सुचवलं आणि मिरज ठरलं.

माझे यजमान २०२१ च्या मे महिन्यात गेले. मंडळी जमू शकली नाही, कबरेशी गीत झालं नाही. पुढं उपासना सुरू झाल्या तेव्हा मी बाकावर जाऊन बसायची, पण गीताला सगळे उभे राहिले की माझा गळा बंद व्हायचा. शेजारच्या वहिनींनी मला मंगळवारच्या अभ्यासाला नेलं. कित्येक महिने मी तिथं तोंड उघडलं नाही आणि कुणी उघडायला लावलंही नाही. वाचनाची पाळी माझ्यापाशी आली की पुढची बाई माझा अध्याय वाचायची. मला परत आणलं ते या बायकांनी, एवढं मी खात्रीनं सांगते.

हेर्ल्याच्या अलीकडेच ऊन तापलं. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत अंगावरून जायचे, वर कानठळ्या बसवणारी गाणी. आमच्यातल्या एका काकांनी खांद्याला स्पीकर अडकवला होता आणि चालता चालता ते सगळ्यांची वचनं पाठ आहेत का ते तपासत होते. "१२६ वं कोण म्हणेल?" अश्रूंनी पेरणारे गात कापणी करतील, ते स्तोत्र. माझ्या उजव्या टाचेला फोड आला होता, दर पावलाला कळ मस्तकात जात होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊसतोड चाललेली, कापणारे गात वगैरे काही नव्हते, घामानं निथळत होते. मला त्या क्षणी काकांचा, स्तोत्राचा, सगळ्याचाच राग आला. प्रभूला मी तेही सांगितलं. स्तोत्रांत दावीदानं याहून कडक शब्द वापरलेत.

हेर्ल्याच्या पुढं एक रसवंती लागली. मी बाकड्यावर बसले आणि चप्पल काढली, तशी गल्ल्यावरची म्हातारी उठून आली.

"वाडीला निघालायसा?"

"नाही मावशी, मिरजेला."

"दर्ग्याला व्हय?"

"चर्चला. आम्ही ख्रिस्ती."

"असू दे की. पाय हिकडं करा."

तिनं चुलीवरचं पाणी घमेल्यात ओतलं, मूठभर मीठ टाकलं आणि माझा पाय त्यात धरला. मी नको नको म्हणत होते. येशू शिष्यांचे पाय धुवायला बसला तेव्हा पेत्रही असंच म्हणाला होता, योहानाच्या तेराव्या अध्यायात, तो प्रसंग मी शब्बाथ शाळेतल्या पोरांना किती वेळा शिकवलाय. कुणी खरंच खाली बसून आपला पाय हातात घेतं तेव्हा किती अवघडायला होतं, ते मला तिथं कळलं. म्हातारीनं सुई दिव्यावर धरली, फोडाला हलकेच टोचलं, पाणी काढलं. मग खोबरेलात हळद कालवून लावली आणि जुनेराची पट्टी आवळून बांधली.

"माझा थोरला मिरजेच्या मिशन दवाखान्यात झालाय," बांधता बांधता ती म्हणाली. "मला लई ताप भरलाता. तितल्या शिस्टर रातभर उशाला बसल्यात्या."

माझी आई तिथंच नर्सिंग शिकली होती. ते सांगितल्यावर म्हातारीनं माझ्याकडं नीट पाहिलं आणि आणखी एक पट्टी बांधली. पैसे पुढं केले तर रागावली. "पायाला हात लावल्याचं पैसं घेत्यात व्हय?" रसाचे तेवढे घेतले.

तोवर बाकीचे सावलीला टेकले होते. काकांनी स्पीकर बंद केला आणि १३० वं स्तोत्र वाचायला घेतलं. खोलातून मारलेली हाक. त्यात पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी लागोपाठ दोनदा येतात. दुसऱ्यांदा ते आले तेव्हा काकांचा आवाज फाटला. त्यांचा भाऊ त्याच मे महिन्यात गेला होता. उरलेल्या ओळी मी वाचल्या, मोठ्यानं. पहारेकऱ्याला पहाट होणार याबद्दल शंका नसते, पण रात्र त्याला पुरती जागावीच लागते. माझी आशा त्याच जातीची आहे. आणि पहाऱ्यावर मी एकटी नाही.

हातकणंगल्याला मुक्काम, जयसिंगपूरला चहा, मग उदगाव, अंकलीचा कृष्णेवरचा पूल. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं टाळावर रंगली. तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्ताकडे आलेल्या माणसाची भजनं या रस्त्याला शोभतातच. मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या दवाखान्यासमोर प्रार्थना झाली, चर्चमध्ये उपासना झाली. १३४ वं म्हटलं. गीताला मी उभी राहिले आणि पहिल्या कडव्यापासून गायले.

आता मंगळवारी रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय घेतलाय. संकटानं धीर, धीरानं शील, शीलानं आशा. काका अजून पाठांतर विचारतात. दोन नव्या बाया येऊ लागल्यात, त्यांतली एक काहीच बोलत नाही. तिची वाचनाची पाळी आली की तिचा अध्याय मी वाचते.