नवा राउटर आला, आकडा मात्र ९४च

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की आता नवा राउटर घेतोच. घेतला. पण खरी अडचण माळ्यावरच्या वायरीत निघाली, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतोय.

मांडणी तीच. मुलुंड पूर्वेची जुनी चार मजली इमारत, जाड भिंती, प्लॅन २०० एमबीपीएसचा. फायबर दारावरच्या माळ्यापर्यंत येते, तिथे ओएनयू, म्हणजे फायबरमधल्या प्रकाशाचं वायरीतल्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी डबी. तिथून नऊ मीटर वायर हॉलमध्ये, टीव्हीमागच्या राउटरला. जुना राउटर वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्झ बँडचा आणि १०० च्या पोर्टचा, म्हणजे वायरीवरही १०० एमबीपीएसच्या वर न जाणारा. आतल्या खोलीत स्पीड टेस्टचा आकडा ३० च्या वर जात नव्हता. कंपनीकडे तक्रार केली, तर ‘३०० चा प्लॅन घ्या’ असं उत्तर मिळालं. तेव्हा हो म्हटलं नाही, ते फार बरं झालं.

शनिवार, सकाळ

आधी मोजमाप. लॅपटॉप वायरने जुन्या राउटरला लावला: ९४. पुन्हा मोजलं: ९४. परत: ९५. असा एका जागी खिळलेला आकडा दिसला की मला १०० च्या पोर्टचा संशय येतो. पॅकेटांचा (डेटाच्या छोट्या तुकड्यांचा) वरखर्च वजा जाता त्यातून एवढंच हाती लागतं. लाइनच खराब असती तर आकडा सारखा वर-खाली झाला असता.

मग शिडी लावून माळ्यावर. आपला ओएनयू ब्रिज मोडवर आहे, म्हणजे इंटरनेटचं लॉगिन तो स्वतः करत नाही, म्हणून पीपीपीओईचं (त्या लॉगिनचं) युजरनेम-पासवर्ड लॅपटॉपवरच टाकलं आणि घरातली छोटी पॅच कॉर्ड लावली: २०४. ओएनयूच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी उणे २१ डीबीएम, म्हणजे ठीकच. थोडक्यात, दारापर्यंत २०० येतात आणि हॉलमध्ये पोचेपर्यंत निम्मे होतात.

शनिवार, दुपार

दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून चालत लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. गिगाबिट (१००० एमबीपीएसच्या) पोर्टचा वायफाय ६ राउटर घेतला. खोक्यावर १५०० लिहिलंय, ती दोन बँडची बेरीज आहे: ५ गिगाहर्ट्झचे १२०१ आणि २.४ चे ३००. एका वेळी एका फोनला दोन्ही मिळत नाहीत. आणि खरं सांगायचं तर २०० च्या प्लॅनला आधीच्या पिढीचं वायफाय ५ सुद्धा पुरलं असतं. आईचा फोन वायफाय ५ चा आहे, त्यात एकच अँटेना, तरी लिंक ४३३ ची दिसते. मी ६ घेतला तो पुढच्या चार-पाच वर्षांकडे बघून.

घरी येऊन जोडला, वायरने मोजलं: ९४.

त्या क्षणी खूप वाईट वाटलं. पण राउटरच्या स्टेटस पानावर उत्तर समोरच होतं: वॅन पोर्टची (ओएनयूकडून येणारी वायर लागते त्याची) लिंक १००. दोन्ही टोकांना गिगाबिट पोर्ट असताना लिंक १०० वर जुळत असेल, तर दोष मधल्या वायरीत.

रविवार

आई खाली टॉर्च धरून उभी, मी माळ्यावर. कनेक्टर उजेडात धरला, तर पारदर्शक प्लास्टिकमधून चारच तारा दिसत होत्या. नारिंगीची जोडी आणि हिरवीची जोडी, पिन १, २, ३ आणि ६. निळ्या आणि तपकिरी जोड्या मुळाशी कापून टाकलेल्या. १०० ला चार तारा चालतात, गिगाबिटला आठही लागतात. कनेक्शन देताना कोणीतरी दोन मिनिटं वाचवली आणि आम्ही तीन वर्षं अर्ध्या वेगावर काढली. ‘आठ तारा होत्या तर सगळ्या का नाही लावल्या?’ आईने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वायर चांगली होती, तांब्याचीच. दोन्ही टोकं कापली, दोन-अडीच सेंटीमीटर साल काढलं. तारांचे पीळ सोडून त्या अंगठ्याखाली सरळ केल्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. टोकं एका रेषेत कापली आणि कनेक्टरमध्ये सरकवली. पहिल्या खेपेला निळी मागे राहिली, तो कनेक्टर वाया गेला. दुसऱ्या खेपेला आठही तांब्याचे ठिपके पुढच्या भिंतीला टेकलेले दिसले, तेव्हाच क्रिम्पिंग टूल (कनेक्टर तारांवर घट्ट बसवणारी पक्कड) दाबलं.

लिंक १०००. स्पीड टेस्ट २०५. आईलाही स्क्रीन दाखवली.

आता वायफाय. नवा राउटर खरा कामाला आला तो इथे. हॉलमध्ये ५ गिगाहर्ट्झवर पूर्ण २००. आतल्या खोलीत आधी जेमतेम ६०, कारण टीव्ही आणि लोखंडी कपाट दोन्ही वाटेत. राउटर दाराशेजारच्या फळीवर, डोक्याच्या उंचीवर नेला: ११०. त्याला एक पैसा लागला नाही. २.४ वर शेजाऱ्यांची १७ नेटवर्कं दिसतात, बहुतेक ६ नंबरच्या चॅनेलवर. काही ३ आणि ९ वर, ती तर आजूबाजूच्या चॅनेलांवर चढून दोन्हीकडच्यांना त्रास देतात. मी ११ धरला, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवली. त्यावर आता फक्त प्रिंटर आणि बल्ब.

जुन्या राउटरवर चार तारांची वायर बदलून काहीच फरक पडला नसता, कारण त्याचे पोर्टच १०० चे. आणि वायर तशीच ठेवून कितीही महाग राउटर आणला असता, तरी तो ९४ लाच अडला असता. दोन्ही हवं होतं.

पुढचं काम: आतल्या खोलीपर्यंत कॅट ६ दर्जाची नेटवर्क वायर. दाराच्या चौकटीवरून केसिंग पट्टीने नेली तर १४ मीटर भरते, मोजून ठेवलंय. लॅमिंग्टन रोडवरून आणलेले आठ कनेक्टर अजून शिल्लक आहेत.