शेवंतीचे दुधाचे दात

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडी घेताना माझ्या दिरांनी शेवंतीच्या अंगावरचे केसांचे भोवरे पाहिले, मानेवरचं देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा, पाहिलं, कानांची टोकं एकमेकांना टेकतात का तेही पाहिलं. तोंड उघडून कुणी पाहिलं नाही. विकणारा म्हणाला, "पाच वर्षांची आहे ताई, आजच बसा." मी बेचाळीस वर्षांची, बँकेत नोकरी, आणि घोडेस्वारीचा अनुभव म्हणजे शाळेतल्या एका उन्हाळी शिबिराचे पंधरा दिवस. तेवढ्या भांडवलावर मला वाटत होतं, आपल्याला येतं.

महिन्याभरात, जानेवारीत, नाशिकजवळ गिरणाऱ्याकडच्या एका शिवाररस्त्यावर तिने मला पाडलं. 'तिने पाडलं' असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे. द्राक्षबागेत ट्रॅक्टरचा ब्लोअर सुरू झाला, वेलींमागून पांढरा फवारा उठला आणि ती बुजली. मी लगाम गच्च ओढला, आणि त्याच क्षणी भीतीने टाचाही आवळल्या. हात म्हणतायत थांब, पाय म्हणतायत पळ. तिने बिचारीने कुणाचं ऐकायचं? ती गर्रकन फिरली, मी मुरमात. मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये.

मग दफेदारकाका आले. उमेदीची वर्षं लष्करात घोड्यांबरोबर काढलेला माणूस, आता मखमलाबादकडे राहतात. त्यांनी आधी शेवंतीचा ओठ वर केला. "ताई, हे कोपऱ्यातले दात बघा. दुधाचे आहेत अजून." हे दात साडेचार वर्षांच्या सुमारास पडून पक्के येतात. म्हणजे आमची पाच वर्षांची घोडी जेमतेम चारची. पाठीच्या मणक्यांची वाढ पुरी व्हायला तर साडेपाच-सहा वर्षं लागतात. लांबून बघावं तर ऐन भरातली घोडी, आणि पाठ मात्र अजून शिंगराची.

नंतर त्यांनी माझं वजन विचारलं. चारचौघांत. ६८ किलो, खोगीर ९. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांवर जाऊ नये, असा एक ढोबळ हिशेब असतो. शेवंतीला टेम्पोत चढवून कांद्याच्या गाड्या जोखतात त्या भुईकाट्यावर नेलं. भरल्या टेम्पोतून रिकामा वजा जाता ३४० किलो. २० टक्के म्हणजे ६८. खोगीर घरी ठेवलं तरच माझं जमत होतं! काट्यावरच्या पोराने पावतीवर मालाच्या रकान्यात 'घोडी' लिहिलं. ती पावती अजून फ्रिजवर आहे.

खोगिराचीही गंमतच. रपेटीनंतर मी हौसेने काढलेले फोटो काकांना दाखवले. पाठ घामाने भिजलेली, फक्त खांद्यामागे दोन्हीकडे तळहाताएवढी जागा कोरडी ठणठणीत. मला वाटलं, तिथे तिला काहीच त्रास नाही. काका बराच वेळ फोटो मोठा करून बघत राहिले. "इथं दाब एवढाय, की घामसुद्धा फुटत नाही." तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना ती मान वळवून दात दाखवायची, तेव्हा मी तिला 'नखरेल' म्हणायचे. चारजणांना तो व्हिडिओही पाठवला होता. लाज वाटली.

"कच्च्या घोडीवर कच्चा माणूस चढवायचा नाही," काका म्हणाले आणि आमची शाळा वेगळी केली. शेवंतीला ते लांब दोरीवर शिकवणार, मला त्यांचा एकोणीस वर्षांचा मेजर. (दफेदाराचा घोडा मेजर. हुद्द्याने मालकापेक्षा वरचा, आणि त्याला ते ठाऊक होतं.) रिकिबी काढून, हात पसरून, त्याच्या दुडकीवर मी महिनोन्‌महिने हिंदकळले. मेजर फार प्रामाणिक. मी श्वास रोखला की तो थांबायचा. दर वेळी मला वाटायचं, हा अडला, काका लांबून ओरडायचे, "श्वास सोडा ताई!" सोडला की चालू.

शेवंतीबरोबर मी पायीच. मोरकी धरून सकाळी सहाला रस्त्याने चालायचं. मी थांबले की तिने थांबायचं. वाटेत भेटणारे विचारायचे, "घोडी असून पायी?" एका आजोबांनी तर देवाला सोडलेली समजून तिला हात जोडले. या चालण्याने माझं वजन उतरलं, तिचं चढलं. दुसऱ्या दिवाळीत पुन्हा भुईकाटा: ती ३७२, मी ६३. नवं खोगीरही नऊचंच. बेरीज ७२, मर्यादा ७४. काकांनी मान हलवली. त्यांच्या हिशेबी ही मोठी शाबासकी.

नोव्हेंबरात, छाटणीनंतरच्या फवारण्या जोरात असताना, त्याच शिवाररस्त्यावर गेलो. काका मेजरवर पुढे. ब्लोअर सुरू झाला. शेवंती जागीच गोठली, कान ताठ, आणि मांड्यांखाली तिचं काळीज धाडधाड चाललेलं मला कळत होतं. माझंही तेच. श्वास सोडला, खांदे खाली, बोटं सैल. तिची मान उतरायला किती वेळ लागला सांगता येणार नाही. मग ती जोरात फुरफुरली, माझ्या बुटावर शेंबूड उडवला आणि चालू लागली.

चौखूर अजून आम्ही उधळलेलो नाही. परतताना वेशीपाशी मी उतरले, तंग दोन भोकं सैल केला आणि नेहमीसारखं पायीच घरी आलो.