पाठीच्या कण्याची इजा आणि २६ प्रश्न : माझा अनुभव

पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांच्या जीवनमानाचा अभ्यास करायचा तर पहिला वेळ परवानग्यांत जातो. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी मिळाली की झालं, असं बहुतेकांना वाटतं. पण दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६चं कलम ६ बघा. सुलभ स्वरूपात घेतलेली संमती लागतेच, शिवाय दिव्यांग संशोधन समितीची पूर्वपरवानगीही लागते. या समितीतले निम्मे सदस्य तरी स्वतः दिव्यांग किंवा दिव्यांगांच्या नोंदणीकृत संस्थेचे असावे लागतात. दोन्ही अर्ज एकदमच टाकावेत.

मानेच्या इजेत सही होत नाही, कधी अंगठाही उठत नाही. तेव्हा निःपक्ष साक्षीदारासमोर तोंडी संमती घेतो. भावाने रुग्णाचा अंगठा धरून शाईत बुडवायचा, ही संमती नव्हे.

प्रश्नावली जागतिक आरोग्य संघटनेची, जीवनमानावरच्या २६ प्रश्नांची डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ. एसएफ-३६ या दुसऱ्या प्रचलित प्रश्नावलीत जिने चढण्याचे, लांब चालण्याचे प्रश्न आहेत. व्हीलचेअरवरचा माणूस नोकरी करत असला तरी तिथे तळाचेच गुण. ब्रेफमधला १५वा प्रश्न हिंडण्याफिरण्याबद्दल विचारतो, पायांबद्दल नाही. तरी "मला चालता येत नाही" म्हणून लोक सगळ्यात खालचा पर्याय सांगतात. म्हणून चेअरवरून फिरणंही यात धरायचं, ही सूचना सगळ्या मुलाखतकारांना एकाच शब्दांत लिहून दिलेली बरी.

वेळ ठरवताना मूत्राशय बघायचं. चार ते सहा तासांनी कॅथेटर (लघवीची नळी) घालणाऱ्याला कॅथेटर झाल्यावर लगेच गाठावं. चेअरवर बसलेला असेल तर मध्ये थांबून बुडाखालचा दाब हलका करू द्यावा. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा तिच्या वर असेल आणि मध्येच डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर कागद बाजूला. त्याला उठवून बसवायचं, कपडे-पट्टे सैल करायचे, नळी मुडपली किंवा तुंबली आहे का बघायचं आणि सिस्टरला हाक मारायची. रक्तदाब झपाट्याने चढलेला असू शकतो.

सगळे प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल आहेत. अंथरुणात दिवस मोजले जात नाहीत. गावाकडच्या माणसाला मागचे दोन आठवडी बाजार धरायला सांगितले की जमतं. पाच पर्यायांचं ठळक अक्षरातलं कार्ड समोर धरायचं. हात चालत नसेल तर पर्याय एकेक वाचायचे, तो मान हलवेल तिथे खूण.

खरी अडचण खाटेशेजारी असते. प्रश्न रुग्णाला, उत्तर आईचं. "मावशी, तुमचंही लिहून घेतो, पण वेगळ्या कागदावर," असं सांगून त्यांना बाहेर बसवावं लागतं. हे उगाच नाही. आल्ब्रेख्त आणि डेव्हलीगर यांच्या १९९९च्या अभ्यासात गंभीर अपंगत्व असलेल्यांपैकी अर्ध्याहून अधिक जणांनी आपलं जीवनमान चांगलं किंवा उत्कृष्ट असल्याचं सांगितलं होतं. शेजारून बघणाऱ्याला ते तसं दिसत नाही.

२१वा प्रश्न लैंगिक आयुष्याचा. आई-बायकोसमोर तो रिकामाच राहतो. प्रश्नावलीच्या सामाजिक विभागात हा धरून प्रश्न तीनच. एक रिकामा राहिला तर उरलेल्या दोघांची सरासरी चालते, दोन राहिले तर विभागाचे गुण काढताच येत नाहीत. मुलाखतकारानेच लाजून तो प्रश्न गाळला तर तेच होतं, आणि असं होतं बरं का.

गुण काढताना ३, ४ आणि २६ हे प्रश्न उलटे, म्हणजे तिथे मोठा आकडा वाईट: सहातून उत्तर वजा. एकाने एक्सेलमध्ये उलटवायचे आणि दुसऱ्याने सॉफ्टवेअरमध्ये परत, हा घोळ नेहमीचा. म्हणून मूळ रकाना तसाच ठेवून उलटा रकाना वेगळ्या नावाने करावा. विभागाची सरासरी गुणिले चार, त्यातून चार वजा, मग गुणिले १०० भागिले १६. सरासरी ३ आली की गुण ५०. एकूण उत्तरांपैकी २० टक्क्यांहून जास्त रिकामी असतील तर तो फॉर्म बाद.

वॉर्डात भरलेल्या फॉर्मवर पर्यावरण विभागाचा निष्कर्ष काढू नये. राहण्याची जागा, आरोग्यसेवा, प्रवास हे प्रश्न तिथे रॅम्प, लिफ्ट आणि हाकेवरची सिस्टर डोळ्यांसमोर ठेवून सोडवले जातात. डिस्चार्जनंतर तीन महिन्यांनी, शक्यतो घरी जाऊन, पुन्हा विचारावं. फोनवरच विचारायचं असेल तर आधी स्पीकर बंद करायला सांगावं.