न्यायाधीश, डुक्कर आणि बिबट्या

डिस्क गोल्फच्या दुकानातली भिंत नुसती वाचत गेलं तरी छातीत धडकी भरते. डिस्ट्रॉयर, बॉस, प्रिडेटर, न्यूक, अंडरटेकर. वस्तू काय, तर वीतभर व्यासाची, पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपासची प्लास्टिकची चकती. ती घेऊन माणसं सकाळी पार्कात जाणार, झाडाझुडपांतून भिरकावणार आणि खांबावरच्या साखळ्यांना आपटून ती टोपलीत पडली की खूश होऊन पुढच्या टोपलीकडे चालू लागणार. कमीत कमी फेकींत टोपली गाठायची, एवढाच काय तो खेळ. नावं मात्र अशी, की गिऱ्हाईक दुकानातून परस्पर सीमेवर निघालंय.

मी राहते मिशिगनमध्ये, नोव्हायला. इथे मराठी माणसांचा तोटा नाही आणि डिस्क गोल्फवाल्यांचाही नाही. शेजारचं विक्सम म्हणजे डिस्कक्राफ्ट कंपनीचं गाव. जरा पुढे केन्सिंग्टनच्या मेट्रोपार्कात हिवाळ्यात पोरं ज्या उतारावरून बर्फात घसरतात, त्याच उतारावर मोठ्या स्पर्धेचा कोर्स मांडतात; त्याचं नावच टोबॉगन, म्हणजे बर्फावरची घसरगाडी. त्यामुळे माझी खेळातली गती बेताची असली तरी डिस्का गाडीच्या डिकीत कायम खडखडत असतात, आणि त्यांच्या नावांवर मला बोलायला आवडतं. खेळावर बोलण्यापेक्षा जास्तच.

नावांचा हा सोस जुना आहे. फ्रेड मॉरिसनने 1948 मध्ये प्लास्टिकची उडती चकती बाजारात आणली, तेव्हा अमेरिकेत उडत्या तबकड्यांची हवा होती. त्याने मालाला तेच नाव दिलं, फ्लाइंग सॉसर. 1955 मध्ये सुधारून काढलेल्या चकतीचं नाव प्लूटो प्लॅटर, आणि तिच्या काठावर चक्क ग्रहांची नावं उठवलेली. उडायला ग्रहांचा काडीचा उपयोग नाही, पण पोराच्या हातात ती आली की त्याला वाटणार काय, याचा हिशोब पक्का. पुढे व्हॅम-ओ कंपनीने ती घेतली आणि 1957 मध्ये नाव ठेवलं फ्रिस्बी. कनेटिकटमध्ये फ्रिस्बी नावाची पाय करणारी बेकरी होती, तिच्या रिकाम्या पत्र्याच्या थाळ्या कॉलेजची मुलं एकमेकांकडे फेकत असत म्हणतात. स्पेलिंगमधलं एक अक्षर बदललं आणि नाव कंपनीच्या मालकीचं झालं. म्हणून तर या खेळाला फ्रिस्बी गोल्फ न म्हणता डिस्क गोल्फ म्हणावं लागतं.

ज्याने हा खेळ रीतसर उभा केला तो एड हेड्रिक व्हॅम-ओचाच माणूस. साखळ्यांची टोपली त्याची, कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्हचा 1975चा पहिला कायमचा कोर्स त्याचा, दुसऱ्या वर्षी निघालेली पीडीजीए ही खेळाडूंची संघटनाही त्याचीच. 2002 मध्ये तो गेला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्का काढल्या. काही आप्तमित्रांना दिल्या, काही विकल्या. मला हे ऐकून आधी कसंसंच झालं, मग वाटलं, या धंद्यात नावाला जागलेला माल इतका दुसरा कुठला असेल?

1983 मध्ये डेव्ह ड्युनिपेसने डिस्कचा काठ तासल्यासारखा निमुळता केला आणि चकती एकदम लांब जायला लागली. इनोव्हा कंपनीच्या त्या डिस्कचं नाव ईगल. पक्षी दूर उडतो, नाव शोभलं. पण एकदा पक्षी घेतला की मागे थवाच येतो. रॉक, टीबर्ड, फायरबर्ड, थंडरबर्ड. मग जमिनीवरचे लेपर्ड, चीता, गझेल. मग पाण्यातले शार्क, स्टिंगरे, व्हेल. प्राणी पुरेनात तेव्हा देवदेवता, भुतंखेतं आणि शेवटी नुसता दम भरणारे शब्द. डिस्ट्रॉयर त्या शेवटच्या खेपेतली, आणि लांब फेकणाऱ्यांच्या पिशवीत हटकून सापडणारी.

बाकीच्या कंपन्यांनी मग आपापलं एकेक खातं वाटून घेतलं. मिशिगनच्याच एमव्हीपीने भौतिकशास्त्र घेतलं: व्होल्ट, फोटॉन, रेझिस्टर, टेस्ला. त्यांच्याच अ‍ॅक्सिअम नावाच्या दुसऱ्या फळीत एन्व्ही (मत्सर), क्रेव्ह (हाव), रॅथ (क्रोध), टँट्रम (थयथयाट). म्हणजे षड्रिपूंतले निम्मे तरी पिशवीत घेऊन फिरायचं. स्वीडनच्या कास्टाप्लास्टने सरळ आपल्या भाषेतले शब्द ठेवले, बर्ग, फाल्क, ग्रिम, आणि अमेरिकनांना ते हवे तसे उच्चारू दिले. फिनलंडच्या वेस्टसाइडने लोककथांतला तुर्सास नावाचा समुद्रराक्षस उचलला आणि गंमत म्हणजे तो चिकटवला एका अगदी गरीब स्वभावाच्या डिस्कला. हळू हातानेही ती तरंगत जाते. राक्षसाने ऐकलं तर काय वाटेल त्याला!

माझं आवडतं खातं मात्र कॅन्सासमधल्या एम्पोरियाच्या डायनॅमिक डिस्क्सचं. त्यांनी अख्खं कोर्ट-कचेरी उचललं. शेरीफ आहे, वॉर्डन आहे, फेलन, कन्व्हिक्ट, फ्युजिटिव्ह असे सगळे नमुने आहेत. एव्हिडन्स, ट्रुथ आणि व्हर्डिक्टसुद्धा आहेत. जज हा पटर, म्हणजे टोपलीजवळ आल्यावर शेवटचा निकाल लावणारी डिस्क. इथपर्यंत नुसतं कल्पक. पण त्यांची विटनेस हातात घेऊन पाहा. सरळ निघते, आणि जरा जोर लागला की भलतीकडेच वळते. साक्षीदार फितूर! ज्याने हे नाव ठेवलं त्याने कोर्टात खेटे घातलेले असणार, अशी माझी खात्री आहे.

याउलट प्रॉडिजी कंपनीने सुरुवातीला नावांची कटकटच नको म्हटलं. त्यांच्या मूळ डिस्का म्हणजे डी2, एफ5, एम4. लांबच्या त्या डी, मधल्या त्या एम. अक्षर आणि आकडा, विषय संपला. आमच्या यवतमाळकडे कापसाच्या बियाण्याचं असंच असतं, राशी 659, अजित 155. आकडा रुक्ष वाटतो तो नवख्याला. जूनमध्ये कृषी केंद्राच्या काउंटरवर माणूस ‘सहाशे एकोणसाठ द्या’ म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडी ते एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव असतं. प्रॉडिजीवाले खेळाडूही ‘डी टू’ तसंच म्हणतात.

आता आकड्यांचा विषय निघालाच आहे, तर डिस्कवर नावाखाली छापलेले ते चार आकडे. डिस्ट्रॉयरवर 12, 5, -1, 3. लेपर्डवर 6, 5, -2, 1. पहिला स्पीड, दुसरा ग्लाइड, तिसरा टर्न, चौथा फेड. उजव्या हाताने बॅकहँड फेकली तर सुरुवातीला उजवीकडे किती झुकेल तो टर्न, आणि दम संपत आल्यावर डावीकडे किती पडेल तो फेड. ग्लाइड म्हणजे हवेत तरंगत राहण्याची खुबी. गोम आहे ती स्पीडमध्ये. 12 वाचून माणसाला वाटतं, ही बाराच्या वेगाने जाणार. खरं तर डिस्क सांगत असते, मला तेवढ्या जोराने फेकलंस तरच मी चित्रातल्यासारखी उडेन. तेवढा जोर नसेल तर डिस्ट्रॉयर थोडं पुढे जाऊन डावीकडे बदकन बसते, आणि त्याच हातून लेपर्ड खुशाल तिच्या पुढे निघून जाते. हे दुकानदार सांगतात, अनुभवी खेळाडू सांगतात, आणि तरीही नवीन आलेला तरुण गडी बारा-तेरा स्पीडच्या खणासमोरच उभा असतो. सहा आकड्याची बिबट्या घेऊन घरी कोण जाणार? बरोबर मित्र असतील तर नाहीच नाही.

बरं, हे आकडे तरी कुणी मोजलेत? ज्याची त्याने. पीडीजीए डिस्क मंजूर करताना व्यास, काठ, लवचीकपणा, वजन तपासते. व्यासाच्या दर सेंटिमीटरला 8.3 ग्रॅमपेक्षा जास्त वजन चालत नाही, म्हणून 21.2 सेंटिमीटरची डिस्क 176 ग्रॅमच्या आत ठेवावी लागते, आणि पालथी करून पाहिलं तर पेनाने लिहिलेला 175 किंवा 172 दिसतो. तो आकडा वजनकाट्याचा. वरचे चार कंपनीच्या मताचे. एका कंपनीचा 9 दुसरीच्या 9शी जुळेलच असं नाही. एकूण काय, नावाचा थाट कमी पडला तर आकड्याचा थाट.

प्लास्टिकलाही नावं आहेत, आणि तिथे तर कहर आहे. इनोव्हात साधं ते डीएक्स, मग प्रो, मग चॅम्पियन, स्टार, हेलो. साधं म्हणून कुणी लिहीत नाही. डिस्कक्राफ्टचं सगळ्यात स्वस्त प्लास्टिक बरीच वर्षं प्रो-डी नावाने विकलं जायचं. प्रो म्हणवून घ्यायला इतका कमी खर्च दुसऱ्या कुठल्या खेळात येत नसेल. साचा तोच ठेवायचा, प्लास्टिक बदलायचं, शिक्का बदलायचा. पहिल्या खेपेतली म्हणून जास्त किंमत, खेळाडूच्या नावाची म्हणून जास्त किंमत. त्यातला काही वाटा खेळाडूला जातो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पॉल मॅकबेथने डिस्कक्राफ्टशी 2021 मध्ये 10 वर्षांचा, 1 कोटी डॉलरचा करार केला. त्याच्या नावाच्या ल्यूना, झ्यूस, हेडीज विकल्या गेल्या नाहीत तर हे पैसे येणार कुठून?

पण त्याच 2021 च्या जागतिक स्पर्धेत, युटातल्या ऑग्डेनला, मॅकबेथ एका फेकीने पुढे असताना जेम्स कॉनरॅडने शेवटच्या टोपलीवर 247 फुटांवरून डिस्क सोडली. ती लांब पल्ल्याची नव्हती, एन्व्ही होती, साधा पटर. साखळ्यांत शिरली. बरोबरी झाली, पुढच्या टोपलीला कॉनरॅड जिंकला. मॅकबेथसमोर मत्सराने बाजी मारली, असं नाव ठेवताना कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल. मग अर्थातच कॉनरॅडच्या नावाचा शिक्का मारलेल्या एन्व्ही निघाल्या. एन्व्ही आधीही खपत होती, पण आता ते नाव घेतलं की माणसं त्या फेकीबद्दल बोलतात, मत्सराचं कुणाच्या मनातही येत नाही.

या सगळ्या फौजेत इनोव्हाची एक डिस्क आहे, तिचं नाव पिग. डुक्कर. ग्लाइड 1, फेड 3. तरंगणं तिला ठाऊक नाही, वाऱ्याला ती भीक घालत नाही, जिथे टाकाल तिथे धप्पकन बसते. गिऱ्हाईकाची छाती फुगेल असं त्या नावात काही नाही. मित्रांपुढे मिरवावं असं तर मुळीच नाही. ठेवणाऱ्याने डिस्क फेकून पाहिली असणार आणि जे दिसलं ते लिहून टाकलं असणार. वाऱ्याच्या दिवशी टोबॉगनच्या उतारावर अनुभवी लोक पिशवीतून मुकाट्याने तीच काढतात, आणि मला विचाराल तर सबंध भिंतीवर भरवशाचं नाव तेवढं एकच आहे.