पेलेर उतरला, ओरा आला: गार्डा सरोवरावरचे चार दिवस

पहाटे साडेपाचला खिडकी उघडली तर गॅलरीत वाळत घातलेले वेटसूट दक्षिणेकडे आडवे फडफडत होते. खाली विंडसर्फिंगचा बोर्ड डोक्यावर घेऊन चाललेल्या एका वयस्क गृहस्थांना माझ्या मावसभावानं वरूनच विचारलं, वारा कसा आहे? त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "पेलेर." आणि पुढे गेले. दिशा कुठली, वेग किती नॉट (ताशी सागरी मैल), किती वेळ टिकेल, काही नाही. तोरबोलेच्या माणसाला ते सांगायची गरज वाटत नाही, कारण नावातच ते सगळं आलेलं असतं. हे मला तिसऱ्या दिवशी समजलं. पहिल्याच दिवशी समजलं असतं तर दुसऱ्या दिवसाचा प्रसंग टळला असता.

गार्डा हे इटलीतलं सर्वांत मोठं सरोवर, सुमारे 370 चौरस किलोमीटरचं. दक्षिणेला ते रुंद आणि सपाट मैदानात पसरलेलं आहे. उत्तरेला मात्र दोन्ही बाजूंनी डोंगर सरळ पाण्यात उतरतात आणि सरोवर एखाद्या खिंडीसारखं चिंचोळं होतं. त्या चिंचोळ्या टोकाला रीवा आणि तोरबोले ही गावं आहेत. मी म्युनिकला राहते. मावसभाऊ अलिबागहून जूनमध्ये आला होता, त्याला शिडाच्या होड्यांचं लहानपणापासून वेड. ब्रेनर खिंडीतून गाडीनं साडेचार तासांत पोचलो. ऑस्ट्रियाचा विन्येट (हायवे वापरण्याचा परवाना) आधीच घेऊन ठेवा, ब्रेनरच्या रस्त्याचा टोल त्याशिवाय वेगळा पडतो. रोव्हेरेतो दक्षिणच्या फाट्यावर हायवे सोडायचा. नागो गाव ओलांडून उतार लागला की वळणावर अचानक सगळं सरोवर खाली दिसतं. दुपारची वेळ असेल तर शेकडो रंगीत शिडंही. शनिवारी निघू नका, ब्रेनरवर रांगा लागतात. भारतातून थेट येणाऱ्यांना व्हेरोनाचा विमानतळ जवळ. रेल्वेनं रोव्हेरेतोपर्यंत येऊन पुढे बस मिळते.

आता वाऱ्यांकडे येते, कारण इथलं सगळं वेळापत्रक तेच ठरवतात.

पेलेर हा उत्तरेचा वारा. मध्यरात्र उलटल्यावर सुटतो, सूर्योदयानंतर जोर धरतो आणि दहा-अकराच्या सुमारास पडतो. काही जुनी माणसं त्याला नुसतं 'व्हेन्तो' म्हणजे 'वारा' म्हणतात, जणू दुसरा वारा नाहीच. मग तास-दीड तास पाणी आरशासारखं होतं. साधारण बारा-एकला दक्षिणेकडून ओरा येतो आणि संध्याकाळपर्यंत वाहतो. हे नाव लॅटिन 'आउरा'वरून, म्हणजे झुळूक. पण चांगल्या दिवशी पंधरा नॉटच्या पुढे जाणाऱ्या ओराला झुळूक म्हणणं अवघड आहे.

पहिल्या संध्याकाळी हे ऐकून मावसभाऊ उठूनच बसला. "ताई, ही तर मतलई!" अलिबागचे कोळी पहाटेच्या मतलईवर बाहेर जायचे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत यायचे, हे त्यानं आजोबांकडून ऐकलेलं. गार्ड्यावरही मालवाहू होड्या पेलेरवर दक्षिणेला जात आणि ओरावर परत येत. यंत्रं नव्हती तेव्हा हेच यंत्र. फरक एवढाच की इथे समुद्राऐवजी डोंगर काम करतात. दिवसा आल्प्सच्या दऱ्यांमधली हवा तापून वर चढते आणि तिची जागा घ्यायला मैदानाकडची हवा सरोवरावरून आत ओढली जाते. रात्री डोंगरावरची गार, जड हवा खाली घसरते. शाळेच्या भूगोलात दरीय वारे आणि पर्वतीय वारे पाठ केले होते, ते इथे अंगाला लागले. चिंचोळ्या भागात हवेला वाट कमी, म्हणून वेग वाढतो. ओरा तर तोरबोलेलाही थांबत नाही, सार्का नदीच्या खोऱ्यातून थेट त्रेन्तो शहराच्या बाजूपर्यंत पोचतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी बोर्ड पाण्यात टाकला. किनाऱ्याजवळ वारा मऊ होता. तीन-चारशे मीटर आत गेल्यावर डोंगराचा आडोसा संपला आणि पेलेरनं धरलं. तोरबोले उत्तर टोकाला आहे, म्हणजे पेलेर तिथे जमिनीकडून पाण्याकडे वाहतो. परत यायचं तर वाऱ्याच्या तोंडावर चढावं लागतं. चार वेळा पडले, प्रत्येक वेळी उठेपर्यंत आणखी खाली वाहून गेले. हात भरून आले तेव्हा शीड पाण्यात टाकून बोर्डवर बसले आणि दोन्ही हात वर करून हलवत राहिले. एका विंडसर्फिंग शाळेच्या बचाव बोटीनं बघितलं. बोट चालवणाऱ्या बाईंनी मला घोंगडी दिली आणि शांतपणे सांगितलं, "पेलेर नेतो, ओरा आणतो. शिकायचं तर ओरामध्ये." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे.

तेव्हा नवशिक्यांनी सकाळचा मोह टाळावा. दुपारी ओरा तुम्हाला तोरबोलेच्या किनाऱ्याकडेच ढकलतो, त्यामुळे चुकलात तरी घरीच पोचता. कोंका द'ओरोचा किनारा त्यासाठी चांगला. हात बसलेल्यांसाठी गावाच्या दक्षिणेला कोर्नो दी बोचे खडक आहेत, तिथे ओरा अधिक जोराचा आणि पाण्यात उतरणं अवघड. खरा पेलेर हवा असेल तर दक्षिणेला माल्चेझिने गावाकडे जा, तिथे तो पूर्ण ताकदीचा असतो. मात्र सोबत बचावाची सोय हवी.

हवामानाच्या ॲपवर इथे फार विसंबू नका. मोठ्या पल्ल्याच्या अंदाजांना डोंगरांमधली ही अरुंद पट्टी नीट दिसत नाही. ॲप पाच नॉट दाखवत होतं त्या दुपारी आम्ही हार्नेसला (शिडाला अडकवायच्या पट्ट्याला) लटकून पाण्यावरून उडत होतो. त्याऐवजी सकाळ वाचा. स्वच्छ आकाश, वेळेवर आलेला आणि वेळेवर पडलेला पेलेर, म्हणजे दुपारी ओरा येणार. अकरा वाजून गेले तरी पेलेर पडत नाही, हवा लख्ख आणि दूरचे डोंगर कोरल्यासारखे दिसतात, तर बहुधा तो आल्प्स ओलांडून आलेला फोएन नावाचा वारा आहे. त्या दिवशी ओराची वाट बघू नका. ढगाळ सकाळी ओरा दुबळा. आणि येतो तेव्हा डोळ्यांना दिसतो: दक्षिणेला पाण्यावर एक गडद रेघ उमटते आणि सरकत जवळ येते. किनाऱ्यावर पहुडलेली माणसं एकही शब्द न बोलता उठून शिडं चढवू लागतात. चार दिवसांत मला सर्वांत आवडलेलं दृश्य हेच.

लहान वाऱ्यांनाही नावं आहेत आणि ती बहुतेक गावांची, घळींची. पोनाले त्याच नावाच्या घळीतून येतो, बालिनोत रीवाच्या वरच्या बालिनो खिंडीतून. विनेसा पूर्व-आग्नेयेचा. त्याचं नाव ऐकलं की विंडसर्फिंग शाळेतले शिक्षक आधी आकाशाकडे बघत. उन्हाळ्यातली संध्याकाळची वादळं मात्र कुठलंही नाव मानत नाहीत. गडगडाट ऐकला की लगेच पाण्याबाहेर. संकटात 112 लावायचा.

तिसऱ्या दिवशी माल्चेझिनेला गेलो. जर्मन कवी गटे 1786 च्या सप्टेंबरात पहाटे तीनला तोरबोलेहून दोन नावाड्यांसह निघाला. सुरुवातीला वारा अनुकूल होता, मग फिरला आणि होडी माल्चेझिनेला लावावी लागली. तिथला किल्ला रेखाटत बसला तर लोकांना तो हेर वाटला. किल्ल्यात त्याची आठवण जपली आहे. वर मोंते बाल्दोला 1760 मीटरपर्यंत केबल कार जाते, तिथून पॅराग्लायडर उडतात. टँडम (पायलटसोबतचं उड्डाण) घ्यायचं असेल तर सकाळचं मागा. उतरायची जागा सरोवराकाठी आहे आणि ओरा चढला की ती अवघड होते. पायलट "ओरा आला" म्हणून नकार देईल तेव्हा हुज्जत घालू नका.

वेटसूट जूनमध्येही हवाच, पाणी डोंगराचं आहे. लाइफ जॅकेट घाला. रीवा-तोरबोले ज्या प्रांतात येतात त्या त्रेन्तिनोच्या हद्दीत खासगी मोटरबोटींना बंदी आहे, त्यामुळे पाणी शांत आणि स्वच्छ मिळतं. माल्चेझिने वेगळ्या प्रांतात पडतं, तिथे नियम वेगळे. मुक्कामाच्या ठिकाणी पाहुण्यांचं कार्ड मागा, त्यावर त्रेन्तिनोतल्या बस चालतात. शाकाहारी असाल तर स्त्रांगोलाप्रेती मागवा, शिळा पाव आणि पालकाचे उकडलेले गोळे, वर लोणी आणि चीज. भुकेल्या पोटी फार छान लागतात. दुपारच्या जेवणानंतर स्वयंपाकघरं बंद होतात, म्हणून ओराच्या आधी, साडेबारापर्यंत जेवून घ्या.

निघायच्या सकाळी मावसभाऊ धक्क्यावर उभा होता. तेच वयस्क गृहस्थ दिसले. या वेळी त्यांनी विचारायच्या आत यानंच सांगितलं, "पेलेर." त्यांनी पाण्याकडे बघितलं, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "अकरापर्यंत." आम्ही नागोचा चढ चढलो तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी होती आणि खाली शिडं एकेक करून सैल पडत होती.