यादीत एक नाव

मी 1971 च्या बॅचचा, जुनी अकरावी. शाळेच्या या स्मरणिकेत शिस्त, संस्कार, क्रीडांगण यांवर इतरांनी भरपूर लिहिलं आहे (प्रुफं मीच तपासतोय, त्यामुळे मला ठाऊक आहे). मी पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, एका तासाबद्दल लिहितो.

वर्गात भायखळ्याच्या चाळींतली पोरं, निम्मी ख्रिस्ती, निम्मी नाही. बाईंनी नामानाची गोष्ट घेतली होती. अराम देशाचा सेनापती, अंगावर कोड. बरा व्हायला रथ-घोड्यांसह अलीशा संदेष्ट्याच्या दारात उभा राहिला, तर अलीशा बाहेरही आला नाही. निरोप धाडला: यार्देन नदीत सात वेळा स्नान कर. नामान भडकला. आमच्या दिमिष्काच्या अबाना आणि परपर नद्या काय वाईट आहेत? मागच्या बाकावरून कुणी तरी विचारलं, "बाई, यार्देन म्हणजे मिठी नदीसारखी का?" वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "तसंच समज. अवघड काही सांगितलं असतं तर त्याने केलं असतं. सोपं सांगितलं, म्हणून राग आला."

मला मात्र नामानच पटला होता. आमच्या घरी हात पसरणं म्हणजे पापाच्याही वरचं. 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढे मंडळीतून, म्हणजे आमच्या चर्चमधून, घरी धान्य आलं, ते वडिलांनी परत पाठवलं आणि त्याच आठवड्यात आईच्या पाटल्या गेल्या. त्याचा मला किती अभिमान! आईला काय वाटलं, हे विचारायचं सुचलंच नाही.

तोवर मी गिरगावात एका गाळ्यात ट्रेडल, म्हणजे छोटं छपाईयंत्र, टाकलं होतं. लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळीचे अहवाल. निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजीसुद्धा आधी मिशनच्याच छापखान्यात कामाला होते, हे मी गिऱ्हाइकांना न विचारता ऐकवत असे. मग डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आलं आणि पाच-सहा वर्षांत शिशाचे खिळे जुळवणाऱ्याकडे कुणी फिरकेना. कागदवाल्याची उधारी वाढली. घरी मी बोललो नाही. रोज डबा घेऊन निघायचो आणि बंद यंत्रासमोर बसून तो खायचो.

गंमत म्हणजे, त्या काळात रविवारच्या उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना माझ्याकडे असे. आजारी, विधवा, बेकार, सगळ्यांची नावं घेऊन मी देवाकडे मागायचो. आवाज चांगला होता. स्वतःसाठी मात्र फक्त आभार. देवाला इतरांची कामं काय कमी आहेत, त्यात माझं कशाला? याला मी नम्रता समजत होतो. बायबलात लूकच्या अठराव्या अध्यायात एक धर्मनिष्ठ परूशी आणि एक पापी जकातदार मंदिरात प्रार्थना करतात. त्यातल्या परूश्याची प्रार्थना काढून पाहा. तीही आभाराचीच आहे. जकातदार तेवढा मागतो.

एका संध्याकाळी कागदवाल्याचा माणूस नको ते बोलून गेला. दिवा न लावता मी खिळ्यांच्या केसपुढे बसून राहिलो. पाण्यावर चालता चालता येशूचा शिष्य पेत्र बुडू लागला, तेव्हा ओरडला, "प्रभुजी, मला वाचवा." कंपोझिटरच्या सवयीने मोजले: तीन शब्द. खिळे जुळवायच्या स्टिकमध्ये अर्धी ओळ भरायची नाही. ते तोंडातून काढायला मला रात्रीचे नऊ वाजले. मधला शब्द सगळ्यात जड गेला.

आकाशवाणी वगैरे झाली नाही. घरी जाऊन बायकोला सांगितलं. तिला चार महिन्यांपासून ठाऊक होतं. डबा धुताना कळतं म्हणाली, कसं ते अजून सांगितलेलं नाही. शनिवारी पाळकसाहेबांकडे गेलो.

"बेकारांच्या यादीत एक नाव वाढवायचं आहे."

"कुणाचं?"

"माझं."

त्यांनी पेन काढलं आणि लिहिलं. उद्याची प्रार्थना दुसरं कुणी करील, एवढंच म्हणाले. रविवारी एका कॉलेजच्या पोराने ती अडखळत वाचली. माझं नाव आलं तेव्हा वडिलांच्या नावासकट आलं. ते शेजारीच बसले होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत, पण "आमेन" त्यांचं सगळ्यांच्या आधी आलं.

ट्रेडल भंगारात गेलं, खिळे किलोवर. मंडळीतल्याच एकाने प्रुफं वाचायचं काम दिलं, त्यावर आजवर चाललं आहे. आता चष्म्याचा नंबर वाढलाय. या स्मरणिकेसाठी समितीकडे एक जोडीदार मागितला आहे. अजून मिळालेला नाही. अनुस्वार सुटले असतील तर सांभाळून घ्या, आणि कुणाला सवड असेल तर संध्याकाळी सहानंतर शाळेच्या वाचनालयात या.