दिवे घाट चढवेल का?

ज्येष्ठ लागला की आमच्या सोसायटीत एक प्रश्न ठरलेला. "वारीत एक दिवस पुणे ते सासवड चालायचंय, पण दिवे घाट चढवेल का हो?" यंदा तिघांनी विचारलंत, म्हणून एकदाच लिहून टाकते.

चढवतो. घाटाची काळजी सोडा. करायचीच तर हडपसर ते वडकी या सपाट रस्त्याची करा.

माउलींची पालखी भवानी पेठेतल्या विठोबाच्या देवळातून पहाटे निघते. सासवडपर्यंत ३० किलोमीटरच्या आसपास अंतर, आणि बहुधा त्याच दिवशी ज्येष्ठ वद्य एकादशी. म्हणजे वारीतल्या लांबलचक टप्प्यांपैकी एक, तोही उपासाच्या पोटी! अर्थात पुणेकर कुणाला उपाशी राहू देत नाहीत. केळी, राजगिऱ्याचे लाडू, साबुदाण्याची खिचडी, वाटेत कुणी ना कुणी हातावर ठेवतंच. फक्त खिचडी बेतानं खा. एका वर्षी मी तीन द्रोण संपवले आणि मंतरवाडी फाट्यापर्यंत अक्षरशः झोपेत चालले.

हडपसरपर्यंत मजेत जातं. पुढे तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरकडे जाते आणि आपण सासवड रस्त्याला लागतो. मग खरी परीक्षा. ऊन डोक्यावर, खाली डांबर, दोन्ही बाजूंना गोदामं, आणि डोंगर समोर दिसतोय पण जवळ काही येत नाही. बहुतेक जण हाय खातात ते इथं, उरुळी देवाचीच्या अलीकडे-पलीकडे.

माझं पहिलं वर्षही इथंच अडलं होतं. खास वारीसाठी नवे बूट घेतले होते. दोन्ही अंगठे ठणकायला लागले तशी रस्त्याकडेला बसले. शेजारी परभणीकडच्या एक आजी डोक्यावरची तुळस उतरवून पाणी पीत होत्या. माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "नवं पायताण घालून वारीला येतेत व्हय माय?" पिशवीतून जुन्या लुगड्याची चिंधी काढली, टर्रकन फाडली, दोन्ही अंगठ्यांना गुंडाळली आणि वर खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. स्वतःच्या पायात झिजलेली रबरी चप्पल, तिचा अंगठा तारेनं बांधलेला. पुढच्या वर्षीपासून मी जुन्याच चपला घालते. तुटली तर वाटेत फुकट शिवून देणारे चर्मकारबांधव बसलेले असतात.

घाट सोपा का वाटतो? एक तर गर्दीमुळे घाईनं चढताच येत नाही. दुसरं, तुम्ही दिंडीत असाल तर पाय आपले राहत नाहीत, पखवाजाच्या ठेक्यावर पडतात. म्हणून एकट्यानं कडेकडेनं चढू नका, टाळकऱ्यांच्या मागं राहा. माउलींच्या रथाला इथं जादा बैलजोड्या जुंपतात. ते बैल वळणावर माना खाली घालून जोर लावतात तेव्हा आजूबाजूचे सगळे आपोआप ओरडतात, "माउली, माउली!" खाली मस्तानी तलाव दिसतो. बघा, पण फोटोसाठी कठड्यावर चढू नका. दरवर्षी कुणीतरी चढतं आणि पोलिसांच्या शिव्या खातं.

वर झेंडेवाडीला विसावा. इथं लोकांना वाटतं, संपलं. संपलेलं नसतं. सासवड अजून चांगलंच लांब असतं आणि विसाव्यात पाय आखडलेले असतात. म्हणून फार वेळ टेकू नका.

सासवडला पालखीचा मुक्काम दोन रात्री. दिंडीतले लोक तंबूत पाय पसरतात, आम्ही एकदिवसीय वारकरी परतीची बस शोधतो. दिवे घाट वाहनांना बंद, त्यामुळे ती बोपदेव घाटानं येते. जागा मिळाली तरी मी उभीच राहते. एकदा बसले की कोंढव्याला दोघींनी धरून उठवावं लागतं.